लाकडाच्या छोट्या कारखान्यात डिझायनरला पैसे द्यायचे का? अनुभव असेल तर सांगा

सागवानी_मूल

राम राम मंडळी. जरा लांबलचक लिहून राहिलो, सांभाळून घ्या.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाजवळ आपला फर्निचरचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, टिनाचं शेड, एक कटर, एक थिकनेसर (फळी सारख्या जाडीची करायचं मशीन), एक जुनी लेथ (लाकूड गोल कातायची) आणि सहा कारागीर. बाबांच्या काळात चौकटी, दरवाजे, दिवाण, देव्हारे एवढ्यावरच वर्ष निघायचं, लग्नसराईत तर आलमारीसाठी लोक थांबून राहायचे. आता चौकट सिमेंटची नाहीतर लोखंडाची, बाथरूमचा दरवाजा पीव्हीसीचा, आणि दिवाणाच्या जागी तो बॉक्सवाला बेड, तो बी दाबलेल्या भुशाचा, मोबाइलवरून मागवलेला. पावसाळ्यात फुगते, पण दिसायला चकाचक असते आणि हप्त्यावर भेटते. आमच्याकडं गिऱ्हाईक येते ते बी मोबाइल उघडूनच. फोटो दाखवते न् म्हणते असाच पाहिजे पण सागवानात, आणि भाव फोटोतलाच.

२०२३ मध्ये बल्लारशाच्या लाकूड डेपोतून सागवान वाजतगाजत अयोध्येला गेलं, मंदिराच्या दरवाज्यांसाठी. आम्ही सारे पाहायला गेलो होतो. आणि आम्ही त्याच डेपोतून लाकूड उचलून काय बनवतो, तर बाजूच्या गावातला मिस्त्री बनवते तेच.

आता मुद्दा. माझ्या साळ्याची पोरगी पुण्याला प्रॉडक्ट डिझाइन शिकते. तिच्या कॉलेजचा एक सीनियर आहे, तो फर्निचरचं डिझाइन करून देतो म्हणे. फी साठ हजार, सहा आयटम, येणं-जाणं वेगळं. घरात दोन पार्ट्या पडल्या आहेत. बायको म्हणते करून पाहा, बाबा म्हणतात चाळीस वर्षं रंधा मारला, आता पोट्टा येऊन शिकवन का? मले खरंच समजून नाही राहिलं की साठ हजाराच्या बदल्यात हातात काय येणार, कागद? आणि आपल्या बाजारात त्याचे पैसे वसूल होतात का? कोणी केलं असेल तर सांगा.


ठोकपीट_हिंगणघाट

भाऊ साठ हजारात सेकंडहँड बँडसॉ येते, ते घ्या अन् मोकळे व्हा 😀

मस्करी नाही करून राहिलो. माझ्याकडं लग्नाच्या एका लॉनवाल्याचं काम आलं होतं, रिसेप्शन काउंटर. त्यांनी नागपूरचा डिझायनर लावला होता. ड्रॉइंग लय भारी, रंगीत, काउंटरवर फुलदाणीसुद्धा काढलेली. पण वरचा टॉप पाहतो तर एका बाजूनं पाय आणि दुसऱ्या बाजूनं हवा, साडेतीन फूट बाहेर निघालेला, जाडी पाऊण इंच, आणि म्हणते सॉलिड सागवानात करा. मी म्हटलं सर हे वाकन, लोक कोपर टेकवतात इथं. तर लॅपटॉप फिरवून मलेच दाखवते, इथं तर सरळ दिसून राहिलं ना. शेवटी आतून लोखंडी पट्टी टाकली, पैसे माझे गेले, फोटो त्याच्या पेजवर लागले. ज्याच्या बोटाले पटाशी (छिन्नी) लागली नाही त्यानं लाकडाचं काम सांगू नये असं माझं मत आहे, कोणाले राग आला तर येऊ द्या.


आर्वीची_पोर

राग नाही आला दादा 🙂 मी मूळची आर्वीची, पुण्यात फर्निचर डिझाइनचंच काम करते, त्यामुळे माझं बोलणं थोडं आपल्या धंद्याच्या बाजूचं वाटेल, तेवढं वजा करून वाचा.

तुम्ही सांगितलं ते काम इंटिरियरचं. तिथं डिझायनर गिऱ्हाइकाचा माणूस असतो आणि तुम्ही फक्त बनवून देणारे. सागवानीभाऊ विचारतायत ते वेगळं आहे, इथं डिझायनर कारखान्याचा माणूस असायला पाहिजे. म्हणजे त्याला तुमचं लेथ किती लांबीचं आहे, थिकनेसर किती रुंद फळी घेतं, तुमच्या शेडमध्ये पावसाळ्यात पॉलिश वाळतं का, हे माहीत करून घेऊन मगच पेन्सिल उचलावी लागते. हे न करता कोणी पुण्यात बसून सहा आयटम पाठवणार असेल तर ठोकपीट दादांचं बरोबर आहे, बँडसॉ घ्या.

मी एखाद्या छोट्या युनिटमध्ये गेले की आधी मागच्या बाजूला जाते, जिथं तुकडे टाकलेले असतात. गोल लाकडापासून तयार खुर्चीपर्यंत येताना निम्मं लाकूडही हाती राहत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. भुसा गेला तो गेला, पण दीड-दोन फुटांचे, दोन इंच रुंदीचे चांगले सागवानी तुकडे चुलीत जाताना मी पाहिलेत. तुम्ही त्या लाकडाचा भाव, वाहतूक, कटाई सगळं देऊन बसलेले असता. माझं पहिलं काम त्या ढिगात बसणारी वस्तू शोधणं, कॅटलॉगमधली सुंदर वस्तू नाही.

दुसरं विचारते की परत काय काय येतं. आपल्याकडं याचं उत्तर बहुतेक एकच असतं, पॅनल फाटलं नाहीतर टॉपला भेग गेली. विदर्भात मे महिन्यात ४५-४६ डिग्री आणि हवा कोरडी ठणठणीत, नंतर जुलैत भिंतीला ओल. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, पण रुंदीत हलतं. दोन फूट रुंदीचा सागवानी टॉप पावसाळा ते उन्हाळा सहज ४-५ मिलिमीटर आकसतो, आणि सागवान तर त्यातल्या त्यात कमी हलणारं. आता तो टॉप तुम्ही चारही बाजूंनी फेविकॉल आणि स्क्रूनं जखडला तर तो कुठं जाईल? फाटेलच. त्यासाठी स्क्रूचं भोक गोल न ठेवता लांबट ठेवायचं, पॅनल खाचेत नुसतं बसवायचं, गोंद लावायचा नाही, कडेला जागा सोडायची. जुन्या वाड्यांच्या दरवाज्यांत हे सगळं केलेलं दिसतं, तुमच्या बाबांना नक्की माहीत असणार, त्यांना विचारा. मग ते सुटलं कुठं? तर घाईत आणि फोटोवरून नक्कल करताना. फोटोत आतला जोड दिसत नाही ना.

तिसरं, माल जातो कसा. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीची ती वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, चौदा नंबरची, १८५९ ची. सहा भाग आणि दहा स्क्रू. भाग सुटे केले तर एक घनमीटरच्या पेटीत ३६ खुर्च्या बसायच्या, जिथं पोचल्या तिथं जोडायच्या. ती दिसायलाही नाजूक आहे, पण जगभर गेली ती पेटीत मावली म्हणून. तुमचा दिवाण टेम्पोत किती मावतो?

फीबद्दल, सहा आयटम घेऊ नका. एकच पाय आणि एकच जोड ठरवायचा आणि त्यावर स्टूल, बाक, टीपॉय, छोटं टेबल असं कुटुंब काढायचं, म्हणजे फर्मे (माप-कोन पक्का ठेवणारे साचे) तेवढेच राहतात आणि कारागिराचा हात एकदाच बसतो. पैसे टप्प्यानं द्या. थोडे येऊन पाहून गेल्यावर, थोडे नमुना तयार झाल्यावर, बाकी कारागिरानं तोच नमुना त्याच्याशिवाय परत बनवून दाखवल्यावर. मी स्वतः छोट्या युनिटकडून फी कमी घेते आणि विकलेल्या नगावर तीन-चार टक्के घेते. विकला नाही तर माझंही नुकसान, त्यामुळे फुलदाण्या काढत बसत नाही.


झाडीवाला_साकोली

आर्वीवाल्या ताईनं बरोबर सांगतलन. मी केलो आहो हे काम, म्हनून लिवतो.

आमच्याकडं एक सिकाऊ पोरगा आला होता, डिझाइनचा, सेवटच्या वर्साचा. राहाची सोय आमी केली, जेवन घरचंच. पयले तर मिस्त्री त्याच्यासंग बोलेच ना. आमचा मिस्त्री म्हातारा, हात सोन्याचा पन तोंड तिखट. पोरगा रोज येऊन निस्ता बसे, वहीत लिवे, मिस्त्रीले वाटे हा माझा हिसाब लिवून रायला. मंग एक रोज त्यानं आमचेच तयार स्टूल सहा एका लाइनीत ठेवले आनि खाली बसून मोबाइलमधी फोटू काढला. फोटू पायला त मलेच लाज वाटली. एकाचा पाय जास्त फाकला, एकाचा उभाच, उंची बी आर्धा इंच कमी-जास्त. गिऱ्हाइकानं एक एक नेला तवरी कोनाले दिसत नव्हता, पन चार संग ठेवले का दिसे.

मंग त्यानं फर्मा बनवला. लाकडाचाच, प्लायवर दोन पट्ट्या ठोकून, पाय त्याच्यात टाकाचा आनि ड्रिल तिरपी धराची तेवढ्याच कोनात, हातानं अंदाज नाही. फर्म्याले खर्च काहीच नाही, पडेल प्लाय होता. पन पाय पेन्सिलीएवढा बारीक केला होता त्यानं, दिसाले लय सुंदर, मिस्त्री त्याच्यावर बसला आनि मुद्दाम मांग रेलला, कडाक! पोरगा हासला नाही, तुकडा उचलून पाहत बसला का कोठून तुटला. तवापासून मिस्त्री त्याच्यासंग बोलाले लागला. मंग दोघांनी मिळून पायाच्या मुंडीत चीर देऊन वरून पाचर ठोकाची पद्धत काढली, पाचर सिसमची, काड्या रंगाची. सागवानाच्या पिवड्या टॉपवर चार काड्या रेघा दिसतेत. लोकाईले वाटते ते डिझाइन आहे, ते त मजबुतीसाठी आहे. तोच स्टूल आता चालते. टॉप सारा तुकड्याईचा, चिकटवलेला.

त्यानं एक खुर्ची बी काढली होती. ते एकबी विकली नाही. आजबी माडीवर आहे, मांजर झोपते. सारंच जमते असा समजू नका.


सागवानी_मूल

सगळ्यांचे आभार. ताई, टेम्पोचं बरोबर पकडलं, दिवाण चार गेले की टेम्पो भरला, वर नुसती हवा. झाडीवालेभाऊ, तो स्टूल विकता कुठं? आपल्या आठवडी बाजारात तर प्लास्टिकचा स्टूल तीनशेला भेटते. आणि दुसरी भीती अशी की आपण पैसे घालून डिझाइन काढायचं, आणि शेजारचा दोन आठवड्यात तेच ठोकून शंभर रुपये कमी लावणार. हे आमच्या गावात झालेलं आहे, झुल्याच्या बाबतीत.


मोहर्ली_रोड

मधीच बोलतो. मी सुतार नाही, गिऱ्हाईक आहे. ताडोबाच्या मोहर्ली गेटजवळ आमचा छोटा होमस्टे आहे, आठ खोल्या. आम्हाला फर्निचर इथलंच घ्यायचं होतं, शहरातून येणारा पाहुणा विचारतो की हे लोकल आहे का. तरी मी निम्मं बाहेरून आणलं, का ते सांगतो. इथल्या तीन जणांना भाव विचारला, तिघांनी विचारलं कसं पाहिजे, फोटो पाठवा. अरे मला काय माहीत कसं पाहिजे, मी तर विचारून राहिलो तुमच्याकडं काय आहे? कोणाकडं मापासकट चार फोटोंचा एक कागद नव्हता. एकाकडून बेडसाइड टेबलं घेतली, काम मजबूत, पण नंतर दोन वाढीव मागितली तर ती वेगळीच आली, म्हणे पयलं माप कुठं लिहून ठेवलं होतं. पाहुण्यानं खुर्चीचा पाय मोडला तर नुसता पाय भेटत नाही, आख्खी खुर्ची न्या म्हणतात. मला नक्षीकाम नको, मला पुढच्या वर्षी तसंच दुसरं पाहिजे. तुमच्या डिझायनरनं एवढं जरी लावून दिलं तर माझ्यासारखे गिऱ्हाईक मोहर्ली, कोलारा, नवेगाव सगळ्या गेटवर बसून आहेत. आणि आम्ही प्लास्टिकच्या स्टुलाशी भाव लावत नाही.


झाडीवाला_साकोली

हेच. आमचा माल नवेगावबांध आनि नागझिऱ्याकडच्या हाटेलाईत जाते, आनि नागपूरची एक दुकान घेते. आठवडी बाजारात मी नेतच नाही, तेथी पोळपाट-लाटना आनि पाट नेतो, ते जसे होते तसेच आहेत, त्याईले कोनं डिझाइन लागत नाही.


फाइलवाला_अमरावती

मी छोट्या उद्योगांच्या कागदपत्राचं काम करतो, तर दोन गोष्टी.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची केंद्राकडची नोंदणी, आहे ना? नसेल तर आधी करा, फुकट आहे, आधार-पॅनवर होते, एजंटला पैसे देऊ नका. केंद्राची एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) इनोव्हेटिव्ह म्हणून योजना आहे, २०२२ पासूनची, त्यात डिझाइनचा वेगळा भाग आहे. त्याआधी २०१० पासून डिझाइन क्लिनिक नावानं होती, तेव्हा ती अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेकडं होती. आताच्या योजनेत सूक्ष्म उद्योगाला मंजूर डिझाइन प्रकल्पाच्या खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत मदत आहे, लघु आणि मध्यम असाल तर ६०. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा प्रकल्प घेण्याचीही वेगळी सोय आहे, तुमच्यासाठी तीच बरी, साकोलीवाल्यांनी केलं तसं. आता खरं सांगायचं तर अर्ज, मग त्यांची कमिटी, मग पैसे टप्प्याटप्प्यानं, आणि तुमचा हिस्सा तुम्हालाच घालावा लागतो. साठ हजाराच्या कामासाठी एवढं करावं का, तर माझ्या मते नाही. पण मशीनसकट मोठं काही करायचं असेल तर बघा.

नकलीचं म्हणाल तर डिझाइन कायदा, २००० चा. वस्तूचा बाहेरून दिसणारा आकार, नक्षी याची नोंदणी होते, दहा वर्षं संरक्षण, पुढं पाच वर्षं वाढवता येतं. छोट्या अर्जदाराला फी हजार रुपये. पण एक अट लोक विसरतात, नोंदणीचा अर्ज आधी, दाखवणं नंतर. नमुना तयार झाला की आपण काय करतो, लगेच व्हॉट्सॲप स्टेटस! एकदा का चारचौघांत फोटो फिरला की ते नवीन राहिलं नाही असं म्हणता येतं. आणि हे फक्त दिसण्याला आहे. पाचर ठोकायची पद्धत, जोड कसा केला, ते यात येत नाही. शेजाऱ्यावर कोर्टात जायला कोणी बसलेलं नाही हेही खरं, पण उद्या कोणी मोठा विक्रेता तुमचा माल ऑनलाइन विकायला लागला तर कागद हातात असलेला बरा.

डिझायनरसोबतच्या करारात डिझाइनचा मालक कोण ते लिहून घ्या. साध्या कागदावर चाललं तरी चालेल पण लिहा. टक्केवारी देणार असाल तर किती वर्षं, तेही.


ठोकपीट_हिंगणघाट

हे सगळं ठीक आहे पण एक कोणीच नाही बोललं. साकोलीच्या स्टुलात पाचर कोणाची? मिस्त्रीची. ड्रॉइंगवर नाव कोणाचं? पोट्ट्याचं. ताई, तुम्हाला नगामागं चार टक्के, त्या म्हाताऱ्याले काय? रोजी. हे कसं काय बाप्पा?


आर्वीची_पोर

याचं चांगलं उत्तर माझ्याकडं नाही, खरंच. माझ्या एका कामात मालकानं टक्केवारीतला हिस्सा मिस्त्रींना दिला, मीच सुचवलं होतं, बाकी ठिकाणी नाही झालं. पण माझ्या टक्क्यांवर तुम्ही बोट ठेवलं ते बरोबर ठेवलं. सागवानीभाऊ, करारात तिसरं नाव घालता येतं, फाइलवाले दादा सांगतील कसं.

आणि एक राहिलं. डिझायनर बोलावण्याआधी ओलावा मोजायचं मीटर घ्या, साधं पिनवालं दोन-तीन हजारात येतं. फळी बाहेरून वाळलेली दिसते आणि आत ओली असते. ओल्या लाकडावर कोणाचंच डिझाइन टिकत नाही, माझंही नाही. रचलेल्या फळ्यांच्या थराथरात हवा खेळायला पट्ट्या घालता ना? आणि थप्पी सावलीत आहे की उन्हात?


झाडीवाला_साकोली

मिस्त्रीले मी स्टुलामांगं दहा रुपये वेगडे देतो. पोराच्या सांगन्यावरूनच चालू केलो. पन विचारलात ते बरं केलात.


सागवानी_मूल

थप्पी अर्धी उन्हात आहे ताई 😅 उद्याच हलवतो. पट्ट्या घालतो, पण जुन्या वाकड्या-तिकड्या, जाडी सारखी नाही, आता समजलं फळ्या काऊन वाकून राहिल्या.

मग असं करतो. त्या सीनियरला कळवतो की सहा आयटम नको, आधी येऊन चार दिवस इथं राहा, शेड पाहा, त्या चार दिवसाचे पैसे देतो, पुढचं नंतर. तुकड्यांच्या ढिगाला सध्या हात लावू नका म्हणून कारागिरांना सांगून ठेवलं, आंघोळीच्या पाण्यासाठी दुसरं सरपण पाहा म्हटलं तर आईनं मलेच ऐकवलं. बाबांना लांबट भोकाचं विचारलं. ते म्हणाले हे तर आमच्या वेळेस सारे करत, तूच म्हणाला होता ना वेळ लागते, डायरेक्ट स्क्रू मारा म्हणून. आता काय बोलता.

मोहर्लीवालेभाऊ, तुमच्या बेडसाइड टेबलाचं माप भेटल काय? लांबी-रुंदी-उंची आणि गादीची उंची, बस. झाडीवालेभाऊ, तुमचा फर्मा पाहायला यायचं आहे, कधी येऊ?


झाडीवाला_साकोली

या ना कवाबी, जेवूनच जा लागल. फक्त दिवाडीनंतर येत असाल त फोन करून या. झाडीपट्टीचे नाटकं सुरू झाले का मिस्त्री रातभर मंडपात आनि दिवसभर झोपेत, फर्मा कोठं ठेवला ते त्यालेच मालूम रायते.